मदत हवी आहे: पावसाळ्यात टेराहर्ट्झ सेटअप कोरडा कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमधला सेटअप: ८०० नॅनोमीटरचा लेसर, साधारण १०० फेम्टोसेकंदांचे पल्स, १ मिमी जाडीच्या झिंक टेल्युराइड स्फटिकातून टेराहर्ट्झ लहरींची (मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेडच्या मधल्या) निर्मिती आणि तसल्याच दुसऱ्या स्फटिकात डिटेक्शन.

पाऊस लागला की मोजलेल्या टेराहर्ट्झ सिग्नलमध्ये मुख्य पल्समागे लांबलचक थरथर सुरू होते आणि स्पेक्ट्रममध्ये ०.५५७, ०.७५२, १.०९७, १.१६३ टेराहर्ट्झला खड्डे पडतात. या पाण्याच्या वाफेच्याच रेषा, त्यामुळे निदानाबद्दल शंका नाही. (स्फटिकातला प्रतिध्वनी सुमारे २० पिकोसेकंदांनी वेगळा दिसतो, तो यात धरू नका.)

ओली हवा बाहेर काढायला सेटअपभोवती अ‍ॅक्रिलिकची पेटी करून कोरडा नायट्रोजन सोडला. आर्द्रता भराभर उतरते, पण १५ टक्क्यांवर अडून बसते. वायरींची भोकं, झाकणाची कड सिलिकॉनने बुजवली, फरक किरकोळ. एसी आणि डीह्युमिडिफायर चालूच असतात. स्कॅन (सिग्नल मोजण्याचा कालावधी) छोटा केला तर थरथर कापली जाते, पण रिझोल्यूशनही जातं, आणि आमच्या सॅम्पलच्या रेषा अरुंद आहेत.

नायट्रोजनचा प्रवाह वाढवणं परवडत नाही, शिवाय खोली लहान आणि बंद, म्हणजे ऑक्सिजन कमी होण्याची भीती. ड्राय एअर जनरेटरला यंदा पैसे नाहीत.

म्हणून पेटीतलीच हवा छोट्या पंपाने मॉलिक्युलर सीव्हमधून (ओल शोषणाऱ्या सच्छिद्र दाण्यांमधून) फिरवायचा विचार आहे. असं करून कुणी ५ टक्क्यांखाली गेलंय का? सीव्हची पूड सोन्याच्या मुलाम्याच्या पॅराबोलिक आरशांवर बसू नये म्हणून कुठला फिल्टर लावला? आणि अ‍ॅक्रिलिक स्वतःच ओल धरतं, तर आधी पेटीच अ‍ॅल्युमिनियमची करावी का?