कालव्यातील नौकानयनासाठी खाडीवरचे मराठी शब्द वापरता येतील का?

प्रश्न (बाळकूम, ठाणे)

नमस्कार. इंग्लंडमधील जुन्या कालव्यांवर मी मराठीत लेख लिहीत आहे. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून मँचेस्टरला कोळसा जाऊ लागला आणि पुढे देशभर कालव्यांचे जाळे पसरले. काठावरून घोडा दोराने नाव ओढत असे. पाण्याची पातळी बदलते तेथे दोन दरवाजांच्या मधल्या कोठडीत नाव घेऊन पाणी भरतात किंवा सोडतात. तिला ते ‘लॉक’ म्हणतात. पाठ्यपुस्तकातील ‘जलपाश’ मला कोरडा वाटतो. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधात (खारबंदिस्तीत) पाणी सोडणारी झडप असते, तिला ‘उघाडी’ म्हणतात; हा शब्द लॉकसाठी वापरावा का? घोड्याच्या वाटेला आणि काठावर तासन्‌तास नावा पाहत उभ्या राहणाऱ्या ‘गाँगूझलर’ला काय म्हणावे?

उत्तर (दिवाळे कोळीवाडा, बेलापूर)

गाँगूझलरला ‘बघ्या’ म्हणावे; धक्क्यावर होडी लागली की जमतात ते हेच. नाळ (नावेचे पुढचे टोक), सुकाणू, वल्हे, नांगर हे शब्द निःशंकपणे घ्यावेत, कारण ते नावेचे आहेत, पाण्याचे नाहीत. मात्र भरती, ओहोटी, उधाण (मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांना कालव्यात नेऊ नये. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून पूर्ण भरती सहाच्या सुमारास, आणि तेही भांगाचे पाणी. हे सारे चंद्रावर चालते. लॉकमधील पाणी माणूस चढवतो, त्यामुळे तेथे ‘भरती आली’ असे लिहिणे चुकीचे ठरेल. ‘पाणी चढले’ म्हणावे.

उत्तर (कोलशेत, ठाणे)

उघाडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण लहानपणी आमच्या शेताच्या बांधावर ती रोज पाहिली आहे. खाडीच्या अंगाला वरून टांगलेली लाकडी झडप असे. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करी आणि ओहोटी लागली की शेतातले साचलेले पाणी तिला आतून ढकलून बाहेर पडे. कोणी हातही लावत नसे. ही एकच झडप आहे आणि तिच्यातून नाव जात नाही, म्हणून संपूर्ण लॉकला उघाडी म्हणणे मला पटत नाही.

तरीही एक नाते खरे आहे. लॉकचे जोडदरवाजे वरच्या पाण्याच्या दिशेला टोक करून मिटतात आणि ते पाणीच त्यांना घट्ट दाबून धरते; दोन्हीकडची पातळी एक झाल्याशिवाय माणसाने आडव्या तुळईला पाठ लावून कितीही रेटले तरी ते उघडत नाहीत. पातळी एक करण्यासाठी दरवाजात किंवा बाजूच्या भिंतीत लहान झडपा असतात, त्यांना तिकडे ‘पॅडल’ म्हणतात. आपण पॅडल लिहिले, तर मराठी वाचकाला सायकलच आठवेल. ‘उघाडी’ तेथे द्यावा: पाण्याला वाट देणारी, नावेला नव्हे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लॉकला ‘जलपाश’च ठेवतो, पहिल्या उल्लेखात कोठडीचे वर्णन देतो आणि पॅडलला उघाडी लिहितो. घोड्याच्या वाटेला ‘घोडवाट’ योजले आहे. कच्च्या मसुद्यात ‘जलपाशाला भरती येते’ असे एक वाक्य होते, ते आजच खोडले.