धुरातलं फॉर्मिक-ॲसिटिक आम्ल नुसत्या पॅडवर पुरतं सापडत नाही
सिगारेट-विडीच्या धुरातली सेंद्रिय आम्लं मोजायला ४४ मिमीच्या केंब्रिज पॅडचा (धुराचे कण अडवणाऱ्या गाळणीचा) अर्क सिलिलेट करून (म्हणजे आम्लं बाष्पशील बनवून) जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफीवर) घ्या, असं सुचवलं जातं. लॅक्टिक, सक्सिनिकसाठी ते ठीक. पण फॉर्मिक आणि ॲसिटिकचा काही भाग वायुरूपात पॅडमधून निसटतो. पॅडच्या मागे सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडचा इम्पिंजर (धूर द्रावणातून बुडबुड्यांनी नेणारी बाटली) लावा, आणि ते द्रावण आयन क्रोमॅटोग्राफीवर (आयन वेगळे करून मोजणाऱ्या तंत्रावर) मोजा. धुरातला कार्बन डायऑक्साइडही त्यातच शोषला जातो, तेव्हा आलेखात कार्बोनेटचा पीक (उंचवटा) वेगळा होतोय ना, हे आधी तपासा. फिल्टर सिगारेटचा पॅड मात्र अल्कलीत भिजवू नका: फिल्टरमधून आलेल्या ट्रायॲसिटिनचं (फिल्टरच्या तंतूंना लावलेल्या प्लास्टिसायझरचं) विघटन होऊन ॲसिटेट फुगतं. विडीला ही अडचण नाही.

आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत नमुने २२ अंश, ६०% आर्द्रतेत निदान ४८ तास ठेवल्याशिवाय धूम्रपान-मशीनवर लावूच नका. ओलसर तंबाखूचे आकडे तुलनेला चालत नाहीत.