‘प्रजातंत्र’ म्हणजे प्रजासत्ताक नव्हे

प्रश्न : नेपाळच्या १९९० च्या संविधानावरचा नेपाळी लेख मराठीत आणतोय. ‘बहुदलीय प्रजातन्त्र’ला मी ‘बहुदलीय प्रजासत्ताक’ लिहिलं. संपादकांनी लाल खूण करून परत पाठवलं. काय चुकलं?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. मराठीत प्रजासत्ताक म्हटलं की गादीवर राजा नाही, हे आलंच. त्या संविधानात राजा होता, फक्त घटनेच्या चौकटीत. सार्वभौमत्व जनतेकडे आलं होतं. राजेशाही गेली ती २८ मे २००८ ला, आणि तेव्हा आलं त्याला नेपाळी ‘गणतन्त्र’ म्हणतात. आपलं प्रजासत्ताक म्हणजे त्यांचं गणतन्त्र. तुमच्या वाक्यात लोकशाही हवी.

‘बहुदलीय’चा अर्थ मात्र जपा, सगळा जीव त्या विशेषणात आहे. डिसेंबर १९६० मध्ये राजा महेंद्रांनी पंतप्रधान बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पुढे पक्षांवर बंदी घातली. नंतरची पंचायत व्यवस्था, म्हणजे राजाच्या हाती सत्ता असलेली राजवट, हीही स्वतःला प्रजातन्त्रच म्हणवत होती, पण ‘निर्दलीय’, म्हणजे पक्षांविना. १९८० च्या जनमत चाचणीत निळी मतपत्रिका बहुदलाची, पिवळी पंचायतीची, पिवळी जिंकली. एप्रिल १९९० मध्ये आंदोलनापुढे नमून राजा वीरेंद्रांनी पक्षबंदी उठवली, तेव्हा घटनेतला ‘निर्दलीय’ हा शब्दच काढायचं जाहीर केलं. एका शब्दासाठी माणसं रस्त्यावर मेली होती. नोव्हेंबरात नवं संविधान आलं. १९५९ ला मिळून हिरावलेलं परत मिळालं, म्हणून नेपाळीत त्याला प्रजातन्त्राची ‘पुनःस्थापना’ म्हणतात. नुसतं ‘स्थापना’ लिहू नका.

नेपाळीत दल म्हणजे पक्ष, पण मराठीत दल म्हटलं की पोलीस दल, अग्निशमन दल डोळ्यांपुढे येतं. म्हणून ‘घटनात्मक राजेशाहीतील बहुपक्षीय लोकशाही’. ‘बहुपक्षीय’ आपण करारांनाही लावतो, पण पुढे लोकशाही असल्यावर गैरसमज होत नाही.

प्रश्न : मग त्यांचं ‘लोकतन्त्र’?

उत्तर : तो २००६ च्या राजाविरुद्धच्या आंदोलनानंतर रुळलेला शब्द, अर्थ लोकशाहीच. प्रजा म्हटली की राजा आलाच, म्हणून त्यांना प्रजाच नको झाली. तरी फागुन ७ चा प्रजातन्त्र दिवस आणि वैशाख ११ चा लोकतन्त्र दिवस, दोन्ही पाळतात. मराठीत दोन्हींना लोकशाहीच, पण पहिल्या उल्लेखाला मूळ शब्द द्या, नाहीतर हा फरक वाचकापर्यंत पोचणारच नाही.

माझ्या एका नेपाळी सहकाऱ्याला मी ‘लोकशाही’ लिहून दाखवलं होतं. त्यानं ‘शाही’वर बोट ठेवलं. त्याच्या लेखी शाही म्हणजे राजाचं : शाही घोषणा, शाही सेना. २००६ मध्ये सैन्याच्या नावातूनही त्यांनी तो शब्द काढला. ‘तुम्ही लोकांना राजा केलंत,’ तो म्हणाला. शब्दाच्या घडणीकडे पाहिलं तर खरंच आहे.