छोटा देश, पण हिशोब स्वतःचा

दादा, लहान देश परमुलखात फौज पाठवतो तो बड्या देशाच्या सांगण्यावरूनच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आफ्रिकेतला रवांडाच बघा. आपल्या बेळगाव जिल्ह्याच्या साधारण दुप्पट आकाराचा देश, मोझांबिकशी सीमाही लागून नाही. तरी जुलै 2021 मध्ये त्याने मोझांबिकच्या उत्तरेकडच्या काबो देल्गादो प्रांतात सुमारे 1,000 सैनिक आणि पोलीस उतरवले आणि ऑगस्टमध्ये मोझांबिकच्या सैन्यासोबत मोसिंबोआ दा प्राया हे बंदर बंडखोरांकडून परत घेतलं. त्याच प्रांतात टोटल या फ्रेंच तेल कंपनीचा 20 अब्ज डॉलरचा गॅस प्रकल्प हल्ल्यांमुळे बंद पडला होता. पुढे युरोपीय संघाने या तैनातीसाठी रवांडाला 2 कोटी युरो दिले. म्हणजे पैसा आला, पत वाढली आणि टीका करणाऱ्यांचा आवाजही काही काळ मऊ झाला.

ही टीका होते, कारण शेजारच्या काँगोत हाच रवांडा एम23 बंडखोरांच्या पाठीशी असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलंय. रवांडा म्हणतो, 1994 च्या आमच्याकडच्या नरसंहारातले मारेकरी तिथे लपले, त्यांच्यापासून आम्हाला धोका आहे. ही भीती खोटी नाही, पण पूर्व काँगोतलं कोल्टन (मोबाईलसारख्या उपकरणांत लागणारं खनिज) आणि सोनंही विसरून चालणार नाही.

माझे मामा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून पूर्व काँगोतल्या गोमा शहरात होते. खानापूरला आले की अजून निर्वासितांच्या छावण्यांबद्दल बोलतात. जानेवारी 2025 मध्ये एम23 ने गोमा घेतलं, तेव्हा ते दोन दिवस टीव्हीसमोरून हलले नाहीत.