हीरो की वेडा?

एका चर्चेत कोणीतरी लिहिलंय की ख्रिस्ती दृष्टीने हीरो म्हणजे ज्याच्यात काही खोटच नाही असा माणूस. हे काही पटलं नाही. बायबलमधल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाचा 11वा अध्याय बघा, विश्वासाची माणसं म्हणून तिथे जी यादी दिलीय त्यात राहाब वेश्या आहे, बायकांच्या नादी लागून फसलेला शमशोन आहे, आणि दुसऱ्याच्या बायकोसाठी तिच्या नवऱ्याला मारवणारा राजा दावीदही आहे. म्हणजे कॅरेक्टर सर्टिफिकेट बघून एंट्री नाहीये तिथे.

दुसरं म्हणजे कोणी हीरोसारखं वागला तर त्या वेळी लोक टाळ्या वाजवतीलच असंही नाही. फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा ऑस्ट्रियाचा साधा शेतकरी, हिटलरच्या सैन्यात लढायला आपल्या ख्रिस्ती श्रद्धेपोटी नाही म्हणाला. गावकऱ्यांनी समजावलं, पाद्र्यांनी समजावलं, खुद्द बिशपने सांगितलं की बाबा रे घरी तीन लहान मुली आहेत त्यांचा विचार कर, तरी हा ऐकेना. 9 ऑगस्ट 1943 ला त्याचा शिरच्छेद केला. एका माणसाच्या नकाराने युद्धावर काडीचाही फरक पडला नाही, हे त्यालाही कळत असणारच. वर गावातले कित्येक जण बायकोलाच दोष द्यायचे, तिला पेन्शनही 1950 पर्यंत मिळाली नाही (मला तर खरी हीरो तीच वाटते, शेती आणि पोरी एकटीने सांभाळल्या). कॅथलिक चर्चने त्याला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं ते थेट 2007 मध्ये, आणि त्या सोहळ्याला ती हजर होती, 94 वर्षांची.