बारावीनंतर हवामानशास्त्र : नागपुरातून सुरुवात कशी करावी?

प्रश्न : बारावी_विज्ञान_नागपूर

नमस्कार. मी यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झाले असून मला हवामानशास्त्रात काम करण्याची इच्छा आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कसा पडू शकतो आणि तो आधी सांगता येतो का, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. घरच्यांचे मत आहे की अभियांत्रिकीला प्रवेश घ्यावा, कारण ‘हवामान खात्यात जागा निघतात तरी कधी?’ पदवी कोणती घ्यावी, पुढे नागपूर सोडावे लागेल का आणि सरकारी नोकरी मिळाली नाही तर काय, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त_निरीक्षक

आपल्या घरच्यांची शंका अगदीच निराधार नाही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक साहाय्यक हे पद कर्मचारी निवड आयोगामार्फत भरले जाते. २०१७ मध्ये मोठी भरती झाली आणि त्यानंतरची थेट २०२२ मध्ये, ९९० जागांसाठी. त्या भरतीत विज्ञान शाखेची (भौतिकशास्त्र एक विषय असलेली) किंवा संगणकशास्त्राची प्रथम श्रेणीतील पदवी अथवा इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियांत्रिकीची पदविका चालत होती. मात्र बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आवश्यक होते. दोन जाहिरातींमध्ये अशी वर्षे जात असतील, तर केवळ त्या परीक्षेकडे डोळे लावून बसणे शहाणपणाचे नाही. पदवी अशी घ्यावी की जाहिरात निघो अथवा न निघो, पुढचे शिक्षण अडू नये. माझ्या मते त्यासाठी भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय अखेरच्या वर्षापर्यंत ठेवून केलेली बी.एस्सी. सर्वांत भक्कम ठरते आणि ती नागपुरात उत्तम रीतीने होते.

आता कामाविषयी. सोनेगावला विमानतळाच्या आवारात प्रादेशिक हवामान केंद्र आहे आणि विदर्भ, मध्य प्रदेश व छत्तीसगड हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. या खात्याचे घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, चालते. सकाळच्या साडेआठच्या मुख्य नोंदी आणि पहाटे साडेपाचला वरच्या हवेचे मापन करण्यासाठी सोडला जाणारा फुगा दिवाळीच्या दिवशीही चुकत नाही. पाळीची ड्युटी आणि बदल्या या नोकरीचाच भाग आहेत, हे घरी आधी सांगून ठेवावे.

मात्र यंत्राने दिलेला आकडा वहीत उतरवला म्हणजे काम संपले, असे होत नाही. मे २०२४ च्या अखेरीस, ऐन नवतपात (मे अखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत), नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि देशभर बातम्या झळकल्या. शहरातील इतर ठिकाणचे तापमान त्यापेक्षा दहाएक अंशांनी कमी होते. संवेदकातील बिघाडामुळे ती नोंद चुकीची ठरल्याचे नंतर विभागाने स्पष्ट केले. शेजारच्या केंद्रांवर काय नोंदले गेले, आर्द्रता किती होती, वारा कोणत्या दिशेने होता, हे ताडून एखाद्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणे हीच या व्यवसायातील खरी विद्या आहे आणि भौतिकशास्त्राचा पाया कच्चा असेल तर ती केवळ अनुभवाने येत नाही.

आपल्या पुराच्या प्रश्नाबद्दल. विदर्भात पावसाळ्यात जोरदार पाऊस देणाऱ्या बहुतेक प्रणाली बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिम-वायव्येकडे सरकतात, त्यामुळे पाऊस वाढणार हे दोन-तीन दिवस आधी सांगता येते. परंतु नेमका अंबाझरीच्या पाणलोटावर आणि नेमका मध्यरात्रीनंतर ढग ठाण मांडेल, हे तितके आधी सांगणे आजही अतिशय कठीण आहे. तिथे डॉप्लर रडारवरून (ढगांतील पाऊस आणि वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या यंत्रणेवरून) दोन-तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज देणे एवढेच हाती उरते. या क्षेत्रात पुष्कळ काम बाकी आहे.

जाता जाता, मुलींनी रात्रपाळीच्या या क्षेत्रात कशाला जावे असे कोणी विचारलेच, तर ॲना मणी यांचे चरित्र वाचायला द्यावे. त्या १९४८ मध्ये पुण्यात या खात्यात रुजू झाल्या आणि देशात हवामानाची उपकरणे तयार होऊ लागली, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

उत्तर : पाषाणचा_विद्यार्थी

पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूर सोडावे लागेल, अशी तयारी ठेवावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आहे. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ ही जुनी केंद्रे आहेत. संशोधनाकडे वळायचे असेल तर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्ली आयआयटी यांचा विचार करावा. ‘गेट’ या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेत वातावरण व महासागर विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. एक गोष्ट मात्र आजपासूनच करावी, ती म्हणजे लिनक्स ही संगणक प्रणाली आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणे. आमचा बहुतेक दिवस आकाशाकडे नव्हे तर पडद्याकडे पाहण्यात जातो.

उत्तर : काटोलचा_बागायतदार

मी शास्त्रज्ञ नाही, संत्र्याच्या बागा सांभाळतो. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत बहर झडतो, तेव्हा आम्हाला तालुक्यापुरता नेमका आणि समजेल अशा भाषेतला सल्ला हवा असतो. कृषी हवामानशास्त्र हा मार्ग आपण जरूर पाहावा; कृषी विद्यापीठांत तो पदव्युत्तर पातळीवर शिकवला जातो. मात्र कंत्राटी पदांबाबत सावध राहावे. जिल्हा पातळीवरील कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली आणि तिथे काम करणाऱ्या तरुणांना दुसरी वाट शोधावी लागली.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, एक शंका उरते. घरच्यांच्या आग्रहाखातर अभियांत्रिकी घेतली, तर हा मार्ग कायमचा बंद होतो का?

उत्तर : निवृत्त_निरीक्षक

बंद होत नाही. रडार, उपग्रह आणि हवामान अंदाजाची गणिती प्रारूपे (मॉडेल) चालवणारे महासंगणक या सर्वांना अभियंते लागतातच, शिवाय पवन व सौर ऊर्जा कंपन्यांना वीजनिर्मितीचा अंदाज बांधण्यासाठी हवामान आणि संगणक दोन्ही जाणणारी माणसे हवी असतात. वायुसेनेच्या हवामान शाखेचाही विचार करावा. तिची पात्रता वेळोवेळी बदलते, म्हणून त्या त्या वेळची जाहिरातच प्रमाण मानावी. अभियांत्रिकी घेतलीच तर संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावी आणि द्रवगतिशास्त्र (द्रव व वायूंच्या प्रवाहाचे शास्त्र) व उष्मागतिकी स्वतंत्रपणे वाचावी, कारण त्या शाखांत हे विषय पुरेसे शिकवले जात नाहीत आणि पुढच्या प्रवेश परीक्षांत नेमके तेच विचारले जातात.