पहिले मतदान आणि आपले महाविद्यालय : अनुभव लिहा

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे नाव मतदार यादीत यावे आणि त्याने प्रत्यक्ष मतदानही करावे, यासाठी शाळेने किंवा महाविद्यालयाने नेमके काय केले, किंवा काय करायला हवे होते, याचे अनुभव येथे अपेक्षित आहेत. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ होते, घोषणा लिहिलेले फलक घेऊन प्रभातफेरी निघते, हे सर्वांना ठाऊक आहे, त्यापलीकडचे लिहावे. संस्थांची नावे आणि पक्षांची चर्चा कृपया टाळावी.

कनिष्ठ महाविद्यालयातील राज्यशास्त्राच्या शिक्षिका

आमच्याकडे हे काम जानेवारीत नव्हे, तर बारावीचे वर्ग सुरू झाले की लगेच हाती घेतले जाते, आणि त्याची सुरुवात भाषणाने न होता प्रवेश नोंदवहीतील जन्मतारखांपासून होते. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख (म्हणजे ज्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख) असल्यामुळे २ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे बारावीच्या बहुतेक मुलांचा नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराचा नोंदणी अर्ज, महाविद्यालयात असतानाच भरून होऊ शकतो. एकदा निकाल लागून मुले पांगली, की त्यांना पुन्हा एकत्र गाठणे अशक्यच.

संगणक कक्षात मुले स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून अर्ज भरतात आणि आम्ही फक्त शेजारी उभे राहतो. खरी मदत लागते ती नावापाशी. इंग्रजीत टंकलेल्या नावाचे मराठी रूप संकेतस्थळ आपोआप तयार करते आणि ‘कोळी’चे ‘कोली’ होते. मुले पाहतात, हसतात आणि तसेच पुढे जातात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव, आधारवरील नाव आणि अर्जातील नाव जुळवून मगच अर्ज पाठवायचा, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. नंतर नमुना ८ भरून दुरुस्ती करता येते हे खरे, पण ती कोणी करत नाही.

वसतिगृहात राहून अभियांत्रिकी शिकलेला विद्यार्थी

प्रथम वर्षात मला कोणीही सांगितले नव्हते की वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावाकडच्या घरच्या किंवा वसतिगृहाच्या, यांपैकी कोणत्याही एका पत्त्यावर नोंदणी करता येते. वसतिगृहाचा पत्ता निवडला तर अर्जासोबत विहित नमुन्यातील घोषणापत्र आणि त्यावर संस्थाप्रमुखाचा दाखला लागतो. कार्यालयात गेल्यावर ‘बोनाफाईड एसटीच्या पासासाठी आणि शिष्यवृत्तीसाठीच मिळतो’ असे उत्तर मिळाले. शेवटी विभागप्रमुख स्वतः आले, त्यांनी नमुना वाचून दाखवला आणि प्राचार्यांची सही मिळाली. पुढच्या वर्षी त्यांनी असे कोरे घोषणापत्र वसतिगृहाच्या प्रवेश अर्जालाच जोडले, आणि माझ्या मते शैक्षणिक संस्थेने करण्याजोगे सर्वांत मोठे काम हेच आहे.

माझ्या खोलीतील मित्राने गावचेच नाव कायम ठेवले होते. मतदानाच्या दिवशी सुट्टी होती, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि गाव रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर. त्याचे मत राहून गेले. परीक्षेचे वेळापत्रक लावणाऱ्यांनी मतदानाच्या अलीकडचा व पलीकडचा दिवस मोकळा ठेवला, तर कितीतरी घोषणांपेक्षा अधिक मते पडतील.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका व बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी)

मी दोन्ही बाजूंनी हे काम पाहते. महाविद्यालयांतून अर्जांचे गठ्ठे येतात तेव्हा आनंद होतो, पण पडताळणीला निघाल्यावर अडचणी उघड होतात. एका गठ्ठ्यातील सर्व अर्जांवर एकाच लिपिकाचा भ्रमणध्वनी क्रमांक होता. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे, काही त्रुटी आहे का, याचे सर्व संदेश त्या एका फोनवर जात राहिले आणि मुलांना काहीच कळले नाही. पत्त्यात ‘शाळेमागे’ एवढेच लिहिले असेल तर मी कोणाचे दार ठोठावायचे? गठ्ठा लवकर पूर्ण करण्याच्या घाईपेक्षा अर्जावर मुलाचा स्वतःचा किंवा घरातील क्रमांक आणि घरातील एखाद्या मतदाराचे तपशील असणे महत्त्वाचे आहे, कारण त्यावरून यादीचा योग्य भाग सापडतो.

वरील शिक्षिकांना एक विनंती : आगाऊ अर्ज भरला की नाव आले असे मुलींना वाटते. संबंधित अर्हता तारखेनंतरच अर्ज निकाली निघतो. त्यामुळे तेव्हा यादी तपासण्याची आठवण त्यांना अवश्य करून द्यावी. १९५० हा मदत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवला तरी पुरे.

एक पालक

माझे मत थोडे वेगळे आहे. दाखला द्यावा, माहिती द्यावी, तेथेच थांबावे. आमच्या मुलीच्या महाविद्यालयात अर्ज भरल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय प्रवेशपत्र मिळणार नाही असे सांगण्यात आले होते. मतदान हा हक्क आहे. त्यासाठी परीक्षा अडवून धरणे मला मुळीच पटले नाही.

रात्रशाळेतील शिक्षक

आमच्या वर्गात अठरा पूर्ण केलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात, तरीही मतदार साक्षरता मंडळाचे कार्यक्रम दिवसाच्या शाळांपर्यंतच पोहोचतात. आमची मुले उपाहारगृहांत, कारखान्यांत काम करतात आणि सहा-सात जण मिळून एका खोलीत राहतात. भाडेकरार नाही, वीजबिल मालकाच्या नावावर. पत्त्याचा कागद नसेल तर प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करून नोंदणी होऊ शकते, हे कळल्यावर आम्ही बीएलओंना संध्याकाळी शाळेतच बोलावले, कारण दिवसा खोलीला कुलूप असते. त्यांनी वेळ जुळवून रविवारी खोल्यांना भेटी दिल्या. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणे कायद्याने बंधनकारक आहे, हे सांगणारे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने आम्ही मालकांना देतो. काही मालक दोन तासांचीच सवलत देतात. पण पत्र हातात असले की मुलाला विचारायला तोंड तरी फुटते.

अंध विद्यार्थिनी, कला शाखा

नोंदणीत मला अडचण आली नाही. भीती केंद्रात काय करावे लागेल याची होती. आमच्या शिक्षकांनी वर्ग प्रतिनिधीची निवडणूक हुबेहूब मतदान केंद्रासारखी घेतली : पहिल्या टेबलावर यादीत नाव पाहणे, दुसऱ्यावर सही आणि डाव्या तर्जनीला शाई, मग पडद्याआड. व्हीव्हीपॅटमधील, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्रातील, चिठ्ठी सुमारे सात सेकंदच दिसते, हे माझ्या मैत्रिणींनाही तेव्हाच समजले. मतदान यंत्रावर ब्रेलमध्ये क्रमांक असतात आणि हवे असल्यास सोबतीला प्रौढ व्यक्ती नेता येते, हेही सरांनी सांगितले. मी आईला दारातच थांबायला सांगितले, क्रमांक बोटाने मोजले आणि बटण स्वतः दाबले. केंद्राध्यक्षांना मात्र ब्रेलमधील उमेदवार यादी शोधायला बराच वेळ लागला, आणि मागची रांग तोवर कुरकुरत होती.